'डॉक्टर सांगतील' म्हणण्याआधी

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी सहा वर्षं एका रुग्णालयात सोनोग्राफर आहे. स्कॅन आम्ही करतो, रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात. पेशंटनं काहीही विचारलं तरी 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. काही महिन्यांपूर्वी एक गर्भवती आली, तिसरा महिना चालू होता. गर्भाची लांबी चाळीस मिलिमीटरच्या वर होती, पण हृदयाचे ठोके नव्हते. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली, मोजमापं घेतली आणि 'डॉक्टर सांगतील' म्हणून बाहेर पडले. ती आणि तिचा नवरा पाऊण तास बाहेर बाकावर बसून होते. नंतर तिनं मला गाठून विचारलं, 'तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?' मी काहीच न बोलता निघून गेले. तेव्हापासून सुरुवातीच्या महिन्यांतले स्कॅन मी सहकाऱ्यांना देते आणि त्यांचे दुसरे घेते. ते म्हणतात, मन घट्ट कर. घरचे म्हणतात, नुसते फोटो तर काढायचे असतात, त्यात एवढं काय? मला मात्र वाटतं, आपण रोज लोकांशी खोटं वागतो. उजवा खांदाही वर्षभर दुखतोय, तो वेगळाच. एमआरआयकडे वळावं की मशीनच्या कंपनीत प्रशिक्षण देण्याची नोकरी बघावी, असं मनात घोळतंय. मी खोटारडी आहे का? आणि हे काम सोडावं का?

उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पत्रात तिसराही आहे. खांद्याबद्दल एक वाक्य लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. मला तोच सगळ्यात निकडीचा वाटतो. त्याकडे येते, पण आधी खोटेपणाचं बघू, कारण तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं तुम्ही शांतपणे वाचणार नाही.

त्या दिवशी 'सगळं छान आहे' असं सांगून तुम्ही त्या जोडप्याला घरी पाठवलं असतंत, तर हे उत्तर वेगळं झालं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही गप्प झालात आणि निघून गेलात. चूक असेलच तर ती ही आहे, आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे. स्वतःला खोटारडी ठरवलं की मात्र राजीनाम्याखेरीज पुढे रस्ताच उरत नाही. स्वतःला इतकी कडक शिक्षा सुनावण्यात एक सोयही असते बरं का: मग विभागात काय बदलायला हवं, हा कटकटीचा प्रश्न विचारावा लागत नाही.

आता त्या नियमाकडे बघू. तुम्हाला तो माणुसकीशून्य वाटायला लागलाय. पण त्यामागचं कारण तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. सहा आठवड्यांच्या आसपास पाच मिलिमीटरचा गर्भ दिसतो, ठोके दिसत नाहीत. याचा अर्थ काय? कदाचित वाईट, कदाचित फक्त इतकाच की तारखा चुकल्यात आणि तुम्ही दोन-चार दिवस आधी बघताय. म्हणून तर योनिमार्गातून केलेल्या स्कॅनमध्ये गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असून ठोके नसतील, किंवा गर्भाशयात गर्भाभोवती तयार होणाऱ्या पाण्याच्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असून आत गर्भच नसेल, तरच गर्भपात झाल्याचं निदान करतात. त्याखाली असेल तर थांबायचं आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. घाईनं उच्चारलेल्या एका वाक्यावर कुणीतरी नको तो निर्णय घेऊ शकतं. यकृतातल्या पांढऱ्या ठिपक्याचंही तसंच. बहुतेक वेळा तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असतो, पण 'बहुतेक वेळा' हे त्या टेबलावर झोपलेल्या माणसाला सांगण्याजोगं उत्तर नव्हे. थायरॉईडच्या गाठी तर मोठ्या माणसांत इतक्या सर्रास सापडतात की प्रत्येकीला त्याच मिनिटाला नाव द्यायचं ठरवलं, तर निम्मं गाव धास्तीनं आजारी पडेल. शिवाय तुमच्यासमोर फक्त स्क्रीन असते. रक्ताचे रिपोर्ट, आधीचे स्कॅन, आधीच्या शस्त्रक्रिया, घराण्यातले आजार हे सगळं एकत्र ठेवून बघणारं माणूस दुसरं असतं.

म्हणून नियम मूर्खपणाचा नाही. पण तुमच्या त्या पेशंटच्या बाबतीत हे कारण फारसं लागू नव्हतं, हेही मी मान्य करते. चाळीस मिलिमीटरला ठोके नसणं यात शंकेला जागा जवळजवळ नसते. दुसऱ्या जाणकार व्यक्तीनं खात्री करून घेणं योग्यच, पण ती खात्री दहा मिनिटांत व्हायला हवी होती. तुम्हाला बोचतंय ते इथेच. अनिश्चिततेसाठी केलेला नियम जवळपास निश्चित असलेल्या गोष्टीला तसाच लावला गेला, आणि तो लावणारा हात तुमचा होता.

तुमचं एक गृहीत मला मान्य नाही. तुम्ही असं लिहिलंय, जणू गप्प राहणं हा या कामाचा मूळ स्वभाव आहे. तो नाही. १९५८ मध्ये ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहण्यावरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला, तेव्हा स्कॅन करणारे आणि निदान करणारे वेगळे नव्हते. पुढे स्कॅनची संख्या वाढली, डॉक्टरांना प्रत्येक पेशंटजवळ बसणं जमेना आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात सोनोग्राफर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्य झाला. त्यांची नोंदणी आणि परीक्षा घेणारी संस्था १९७५ ची. तिथे सोनोग्राफर चित्रं आणि प्राथमिक निरीक्षणं देतो, अंतिम अर्थ डॉक्टर लावतात. ब्रिटनमध्ये मात्र बरेच सोनोग्राफर स्वतः रिपोर्ट लिहितात, आणि गर्भावस्थेतल्या स्कॅनमध्ये वाईट बातमीही बहुधा तेच देतात. ती कशी द्यावी याच्या मार्गदर्शक सूचना तिथे २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. भारतात बहुतांश स्कॅन डॉक्टर स्वतःच करतात, त्यामुळे बघणारा आणि सांगणारा पुन्हा एकच, आणि गर्भाचं लिंग सोडून बाकीचं तो तिथल्या तिथे सांगू शकतो. म्हणजे मशीन तेच, ध्वनिलहरी त्याच, फक्त बोलण्याची मुभा ठिकाणाप्रमाणे बदलते. तुमचं मौन कामाच्या वाटणीतून आलंय. वाटणी माणसांनी केलेली आहे, तिच्याबद्दल माणसांशी बोलता येतं.

त्याआधी एक करा: विभागाचा लेखी नियम मागून घ्या आणि शब्दन् शब्द वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं ते एवढंच, की निदान सांगू नये. 'पेशंटशी बोलू नये' असं सहसा कुठे लिहिलेलं नसतं. ते वरिष्ठांकडून नव्या मुलांकडे तोंडी उतरत येतं आणि उतरताना जास्त कडक होत जातं. निदान सांगणं आणि गप्प बसणं या दोन टोकांच्या मधे बरीच मोठी जागा आहे. तुम्ही ती आजवर वापरलीच नाहीत, कारण ती आहे हे तुम्हाला कुणी दाखवलं नाही.

ती जागा जेल लावण्याआधीच सुरू होते. स्कॅन सुरू करतानाच सांगून टाकायचं: "पहिली काही मिनिटं मी गप्प असेन, कारण मला नीट बघायचं असतं. मी बोलत नाही म्हणजे काही वाईट आहे असं समजू नका. आधी मी बघते, मग स्क्रीन तुमच्याकडे वळवते." हे प्रत्येक पेशंटला सांगायचं, सगळं ठीक असणाऱ्यांनाही. मग तुमच्या शांततेला आधीपासून एक अर्थ मिळालेला असतो आणि पेशंट तिच्यात स्वतःचा अर्थ भरत बसत नाही. यात एक पथ्य आहे: जितका वेळ सांगितलात त्याच्या खूप पुढे गेलात, तर मधे एकदा बोला. "अजून थोडं बघतेय" एवढं पुरे.

मग ज्या दिवशी खरंच काही दिसतं, किंवा दिसायला हवं ते दिसत नाही, त्या दिवसासाठी वाक्य तयार असू द्या. आयत्या वेळी ते सुचत नाही, म्हणून आजच वहीत लिहून ठेवा आणि तुमच्या वरिष्ठांकडून मंजूर करून घ्या. उदाहरणार्थ: "मला जे दिसायला हवं होतं ते दिसत नाहीये. म्हणून मी आत्ताच डॉक्टरांना इथे बोलावते. त्या स्वतः बघतील आणि तुमच्याशी बोलतील. तोवर मी तुमच्याबरोबर थांबते." यात निदान नाही. खोटंही नाही. आणि त्यातून त्या बाईला तीन गोष्टी कळतात: काहीतरी वेगळं आहे, कोण येणार आहे, आणि तिला एकटं सोडलेलं नाही. तिनं सरळ विचारलं, "बाळ गेलंय का?" तर? "तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतंय. मलाही काळजी वाटतेय, म्हणूनच मी लगेच बोलावतेय. पक्कं उत्तर डॉक्टर देतील, आणि ते तुम्हाला आजच मिळेल." 'आजच' हा शब्द मात्र खात्री असेल तरच वापरा.

पोटाच्या, स्तनाच्या, मानेच्या स्कॅनला "कॅन्सर तर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. त्यावर "तसं काही नसेल हो" म्हणणं ही पेशंटवर दया नाही, आपली त्या क्षणातून सुटका आहे. खोटं बोलण्याची खरी जोखीम मला इथे दिसते, मौनात नाही. त्यापेक्षा सांगा: "एका जागेची मी जास्त चित्रं घेतेय, म्हणजे रेडिओलॉजिस्टना नीट बघता येईल. चित्रावरून प्रत्येक गोष्टीचं नाव लगेच ठरत नाही. रिपोर्ट अमुक दिवशी मिळेल. नाही मिळाला तर या नंबरवर विचारा." 'डॉक्टर सांगतील' या वाक्याचा दोष त्यात माहिती नाही हा नाहीच. कोणते डॉक्टर, कधी आणि कुठे, हे त्यात नसतं, आणि पेशंट रात्रभर त्याच तीन गोष्टींचा विचार करत राहतो.

आणि पक्कं निदान होवो न होवो, ज्या वेळी मिनिटं मोलाची असतात, तेव्हा पेशंटपेक्षा आधी फोनवर बोलायचं असतं. आत गुठळी असल्यानं दाबल्यावर मिटत नसलेली पायातली शीर, गरोदर बाईच्या पोटात साचलेलं रक्त आणि गर्भाशय रिकामं, पीळ पडलेला वृषण, फुगलेली महाधमनी. असल्या वेळी रिपोर्टच्या रांगेत चित्रं सोडून पुढचा पेशंट आत घेणं चालत नाही. हे तुम्ही करतच असाल. ते करताना तुम्ही 'फक्त सोनोग्राफर' नसता, हे लक्षात यावं म्हणून लिहिलं.

चेहऱ्याबद्दलही थोडं. निर्विकार चेहरा ठेवायचा सराव करा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. मला त्याचा फारसा उपयोग वाटत नाही. टेबलावरचा माणूस चेहऱ्याखेरीज इतकं काही वाचत असतो! बटणांचा आवाज वाढला, त्याच जागी पुन्हापुन्हा प्रोब (अंगावर फिरवायचं स्कॅनचं उपकरण) गेला, स्क्रीन वळली, गप्पा थांबल्या. तुम्ही स्क्रीन स्वतःकडे वळवलीत तेव्हाच तिला कळलं असणार. म्हणजे बातमी दिली गेलीच, फक्त शब्दांशिवाय. म्हणून स्क्रीनची एक रीत ठरवा: सुरुवातीला ती कायम तुमच्याकडे, सगळ्यांसाठी. मग मधेच ती स्वतःकडे वळवण्याची वेळच येत नाही.

त्या पाऊण तासाचं काय? तो मला तुमच्या गप्प बसण्यापेक्षा जास्त खटकला. पण तो एकट्या तुमचा दोष नाही. डॉक्टर कुठेतरी अडकले असणार, पेशंटला बसवायला वेगळी खोली नसणार, बाकावर शेजारी आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका असणार. यावर एकट्यानं रडण्यापेक्षा विभागाच्या बैठकीत तीन मागण्या ठेवा. असा प्रसंग आला तर कोणाला फोन करायचा आणि ते मोकळे नसतील तर पुढचं नाव कोणाचं. पेशंटनं थांबायची जागा बाकाऐवजी कुठे असावी. आणि तुमचा पुढचा पेशंट पाच-दहा मिनिटं उशिरा आत यावा याची मुभा. शेवटच्या मागणीला थोडा विरोध होईल, कारण त्यात वेळेचा हिशेब येतो. तरी ती सोडू नका.

आता घरच्यांचं ते वाक्य. नुसते फोटो. ते तुम्हाला लागलं, कारण अर्धवट का होईना, तुमचाही त्यावर विश्वास बसलाय. एक्स-रेत एका क्षणात सगळं चित्र एकदम उमटतं. सोनोग्राफी तशी नाही. रेडिओलॉजिस्ट नंतर बघतात ती अंधाऱ्या खोलीत तुम्ही विजेरी जिथे जिथे फिरवलीत तेवढीच जागा. कोपरा राहिला तर तो त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. खोलवर जायचं असेल तर २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब, वरवरच्या भागासाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा, कारण फ्रिक्वेन्सी वाढवली की बारकावे दिसतात पण खोली जाते. मशीन गृहीत धरतं की ऊतींमधून आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो. शरीर ते गृहीत नेहमी पाळत नाही आणि चित्र फसवं होतं. पडद्यासारख्या श्वासपटलाच्या पलीकडे यकृतातली गाठ आरशात दिसावी तशी उमटते, आणि नवखा माणूस ती फुप्फुसात आहे समजतो. खड्यामागची सावली खरी की आतड्यातल्या हवेची, रक्ताचा वेग मोजताना डॉपलरचा कोन ६० अंशांच्या आत आहे का, एक दोष सापडल्यावर समाधान मानून दुसरा शोधायचा राहिला का, हे सगळे निर्णय तुम्ही हात चालू असतानाच घेता. ज्या तपासणीचा दर्जा ती करणाऱ्यावर इतका अवलंबून असतो, तिला फोटो काढणं म्हणणं सोपं आहे. तुम्ही ते मनात मान्य केलंत की मग फोटो काढणाऱ्यानं बोलायचं कशाला, हेही ओघानं येतं. दोन्ही गृहीतं एकमेकांना धरून आहेत.

सुरुवातीच्या महिन्यांतले स्कॅन टाळण्याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही. काही आठवडे टाळणं ठीक आहे. अडचण एवढीच, की तुम्ही ते गुपचूप करताय. लपवून टाळलं की भीती वाढते आणि सहकाऱ्यांवरचा बोजाही वाढतो. वरिष्ठांना सरळ सांगा: एक केस मनाला लागलीय, पुढचे काही आठवडे हे स्कॅन मी सोबत कुणी असेल तेव्हाच करेन. मग दुसऱ्या सोनोग्राफरबरोबर बसा, नंतर ती सोबत असताना तुम्ही करा, मग एकट्या. त्या प्रसंगाबद्दल आजवर कामाच्या ठिकाणी कुणाशी तरी सविस्तर बोलला आहात का? पत्रावरून तरी वाटत नाही. रुग्णालयात समुपदेशक असेल तर जा. झोप उडाली असेल, ते दृश्य पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर जाच. मन घट्ट करण्याचा सल्ला मला पटत नाही. ज्यांची मनं खरंच घट्ट झालीत असे लोक या खोल्यांमध्ये मी पाहिलेत. त्यांना त्रास होत नाही हे खरं, पण पेशंटनं "इथे दुखतंय" म्हटलेलंही त्यांना ऐकू येत नाही, आणि मग त्या जागी प्रोब जात नाही.

आता खांदा.

वर्षभर दुखणारा खांदा ही या व्यवसायातली किरकोळ तक्रार नव्हे. सोनोग्राफरांच्या सर्वेक्षणांत पुन्हापुन्हा दहातल्या आठ किंवा त्याहून जास्त जण सांगतात की ते कुठेतरी दुखत असतानाच स्कॅन करतात: खांदा, मान, मनगट, पाठ. काहींना त्यापायी हे काम कायमचं सोडावं लागतं. दुखणं लपवायची रीतही तितकीच जुनी आहे. तक्रार केली तर नाजूक ठरू, पाळ्या कमी होतील, अशी भीती असते. पण नोंद नसेल, तर उद्या हे दुखणं कामामुळे झालं असं तुम्ही म्हणालात तरी कागदावर काहीच नसेल. त्यामुळे या आठवड्यातच लेखी कळवा, तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा. आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात डोक्यावर नेताना अडकत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर अजिबात थांबू नका.

खोलीत काय बदलता येईल ते बघा. हात शरीरापासून बाजूला ३० अंशांपेक्षा जास्त उचललेला राहू नये, असा या कामातला सर्वमान्य दंडक आहे. एकदा सहकाऱ्याला तुमचा स्कॅन चालू असताना बाजूनं फोटो काढायला सांगा आणि तो कोन बघा. बहुतेकांना धक्का बसतो. कारण साधं असतं: पेशंट टेबलाच्या मधोमध झोपलेला असतो आणि आपण त्याच्यापर्यंत ताणून पोचतो. त्याला तुमच्या बाजूच्या कडेला सरकायला सांगा. लोक नाही म्हणत नाहीत, आपल्यालाच सांगायचा संकोच वाटतो. टेबल खाली-वर होत असेल तर प्रत्येक पेशंटला ते करा. घाईत हेच सगळ्यात आधी सुटतं. कोपराखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवा. प्रोबची वायर लोंबकळत ठेवू नका, तिचं वजन दिवसभर मनगटावर येतं. हाताला बांधायचा पट्टा मिळतो, नाहीतर वायर मानेवरून घेण्याऐवजी टेबलाच्या कडेला अडकवा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत, तुमच्या समोर, म्हणजे मान सतत वळलेली राहणार नाही. प्रोब चिमटीत न धरता तळहातात धरा. आणि दोन बटणांच्या मधे, चित्र गोठवलेलं असताना, हात खाली सोडून द्या, काही सेकंद का होईना.

जाड शरीराच्या पेशंटमध्ये जोर लावून चित्र मिळवण्याची सवय हा खांद्याचा मोठा शत्रू. तिथे आधी पेशंटला कुशीवर वळवा, श्वास धरायला सांगा, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्या. एवढं करूनही दिसत नसेल तर वर्कशीटवर तसं लिहा. 'स्पष्ट दिसत नाही' हीसुद्धा नोंद आहे. सलग एकाच प्रकारचे स्कॅन लावू नयेत, असं वेळापत्रक करणाऱ्याला सांगा. चार हृदयाचे स्कॅन ओळीनं करणं आणि त्यांत मधे एखादा थायरॉईड असणं यात खांद्याला पुष्कळ फरक पडतो. डाव्या हातानं स्कॅन करायला शिकणारेही आहेत. सुरुवातीला फार अवघड जातं, म्हणून सोप्या तपासण्यांपासून आणि वर्दळ कमी असलेल्या दिवशी सुरू करा.

आता सोडावं का? आज ठरवू नका, एवढंच ठामपणे सांगते. दुखऱ्या खांद्यानं आणि दुखऱ्या मनानं घेतलेल्या निर्णयात नेमकं काय सोडतोय तेच कळत नाही. तीन-चार महिने द्या. या काळात खांद्यावर उपचार होऊ देत, बोलण्याची नवी रीत वापरून बघा, विभागाला मागण्या कळवा. त्यानंतर चित्र साधारण स्पष्ट होईल. विभाग ढिम्म हलला नाही, तर व्यवसाय बदलण्याआधी जागा बदलून बघा. प्रसूतीचं काम नसलेला रक्तवाहिन्यांचा किंवा हृदयाचा विभाग असू शकतो, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. किंवा असं ठिकाण, जिथे डॉक्टर शेजारच्या खोलीत असतात. शिकवण्याचंही मनात असू द्या. प्रोब कसा धरायचा हे शिकवणारे खूप आहेत, बोलायचं कसं हे शिकवणारे कमी. आणि खांदा उपचारांनंतरही साथ देत नसेल, तर निमूटपणे बाहेर पडा. त्यात हार नाही.

एमआरआयबद्दल तुमचा समज असा दिसतो, की तिथे पेशंट काचेपलीकडे असतो, म्हणून प्रश्नही काचेपलीकडेच राहतील. स्कॅन चालू असताना राहतात. टेबल बाहेर आलं की तोच प्रश्न येतो: "काही दिसलं का?" कदाचित जास्त तीव्रतेनं, कारण माणूस अर्धा तास एकटा त्या नळीत विचार करत पडलेला असतो.

राहिली ती बाई. रेकॉर्डमधून तिचा नंबर काढून फोन करू नका. मोह होईल. पण ती माहिती तुम्हाला स्कॅनसाठी मिळाली होती, तुमचं मन हलकं करायला नाही. कदाचित तिला तुमचा आवाज पुन्हा ऐकायचाही नसेल. काही कळवावंसं वाटलंच तर रुग्णालयाच्या तक्रार किंवा पेशंट-संपर्क विभागामार्फत, वरिष्ठांना सांगून, आणि तेही तिनं काही विचारलं असेल तर. ती पुढच्या गरोदरपणात तुमच्याच टेबलावर आली, आणि असं घडतं, तर तिचा जुना प्रश्न टाळू नका: "हो, मला तेव्हाच कळलं होतं. मी तुमच्याजवळ थांबायला हवं होतं, ते मी केलं नाही. आज मी आधी ठोके बघते आणि दिसले की लगेच सांगते." मग जेल लावा.

कंपनीच्या नोकरीचं पत्रात ओझरतं आहे, म्हणून त्याबद्दल ओझरतंच. प्रशिक्षण देणाऱ्यांना प्रवास पुष्कळ असतो आणि मशीन दाखवायचं म्हणजे प्रोब हातात घेऊन तासन्‌तास दाखवायचं असतं, तेही दर वेळी अनोळखी खोलीत, जिथलं टेबल खाली-वर होतंच असं नाही. मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा: आठवड्यातले किती तास हात प्रोबवर असेल?